अर्जात ‘का’ लिहू नका

महापालिकेच्या आमच्या झोन ऑफिसात तळमजल्यावर, जिन्याखाली एक टेबल होतं. त्यावर ‘माहिती अधिकाराचे अर्ज इथे द्यावेत’ अशी गुजराती पाटी होती आणि पाटीमागे मी. नोकरीची शेवटची काही वर्षं मी त्या जिन्याखाली काढली. माझी तिथं बदली झाली तेव्हा टॅक्सखात्यातल्या मैत्रिणी मला अशा चेहऱ्यानं भेटायला आल्या, की जणू मला काही मोठा आजारच निघालाय. “सोनवणेबेन, सांभाळून हं,” त्या म्हणाल्या. “तिथं फक्त भांडकुदळ माणसं येतात.”

भांडकुदळ माणसं आलीच. पण त्यांच्याइतकी मजा मला टॅक्सखात्यात कधी आली नव्हती, हे मी आता पेन्शन सुरू झाल्यावर मोकळेपणानं सांगू शकते.

काम अगदी साधं. पालिकेकडे कागदावर, नकाशावर, कॉम्प्युटरात जे काही नोंदलेलं आहे, ते मागायचा हक्क कुठल्याही नागरिकाला आहे. साध्या कागदावर अर्ज लिहायचा, छोटीशी फी भरायची. कशासाठी हवंय हे सांगायचं बंधन नाही आणि आम्ही विचारायचंही नाही. तीस दिवसांत उत्तर मिळायला हवं. मिळालं नाही किंवा पटलं नाही, तर वरच्या साहेबांकडे अपील करायचं. दुसऱ्याच्या खाजगी गोष्टी मात्र सहसा मिळत नाहीत. मेहुण्याशी वाजलं म्हणून त्याची सगळी कुंडली मागायला येणारे महिन्यातून एकदोन असायचेच, आणि त्यांना चहा पाजून परत पाठवायचं कामही माझंच.

एक गृहस्थ पर्वत पाटिया भागातून यायचे, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी अर्ज केला : ‘आमच्या भागातील पालिकेच्या बागेत जे नारळ लागतात, त्यांची विल्हेवाट कशी लावली जाते, याच्या नोंदीची नक्कल मिळावी.’ सगळं ऑफिस हसलं. मी अर्ज बागखात्याकडे पाठवला. तिथून लिलावाची चांगली जाडजूड फाइल आली. नक्कल हातात पडल्यावर गृहस्थांनी ती माझ्या टेबलापाशी उभं राहूनच वाचली, दोनदा वाचली, आणि चष्मा काढून म्हणाले, “म्हणजे माळी नेत नाही तर! मी उगाच त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.” तिथून ते थेट बागेत गेले म्हणे. बागेत सकाळी फिरायला जाणाऱ्या, माळ्याच्या ओळखीच्या एका माणसानं नंतर मला सांगितलं, की आता ते दोघं रोज बाकावर शेजारी बसून बिडी ओढतात.

तर अशी ती खुर्ची. पण ज्या प्रकरणासाठी मी हे लिहायला बसले, ते विमलबाईंचं.

विमलबाई पाटील गोडादऱ्याला राहायच्या. मूळच्या पारोळ्याकडच्या. नवरा लूमवर कामाला, आणि त्या स्वतः घरी बसून साड्यांवर खडे चिकटवायचं काम करायच्या. पहिल्यांदा आल्या त्या दिवशीही त्यांच्या बोटांच्या टोकांना डिंक लागून वाळलेला होता. हातात पालिकेची दोन उत्तरं, घडीवर घडी घालून मऊ पडलेली. ती टेबलावर ठेवून त्या हिंदीत सुरू झाल्या. “बेन, हमारे गली में...” आणि मग शब्द अडला, तशी चिडून स्वतःशीच पुटपुटल्या, “आमना गल्लीमा पानीच येत नही. आनि पालिका म्हनस, येस!”

माझे वडील धुळे जिल्ह्यातून मिलमध्ये नोकरीसाठी इथं गुजरातेत आले. घरात आम्ही हीच भाषा बोलत मोठे झालो. ऑफिसात मात्र माझी सगळी हयात गुजरातीत गेली. त्या टेबलावर कुणी अहिराणीत तक्रार करेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

“बसा ताई,” मी म्हटलं. “आनि सांगा, काय शे ते.”

बाई आधी चपापल्या. मग खुर्ची ओढून अशा बसल्या, की आता दुपारपर्यंत उठायच्या नाहीत.

त्यांची गल्ली म्हणजे समोरासमोर रो-हाऊसच्या दोन रांगा. बाजूच्या गल्ल्यांत नळाला चांगलं पाणी यायचं. यांच्या गल्लीत दोन वर्षांपासून तोंडाशी असलेल्या दोनचार घरांना करंगळीएवढी धार, आणि पुढं तीही नाही. बायका हंडे घेऊन शेजारच्या सोसायटीत जायच्या. तिथल्या लोकांनी वर्षभर भरू दिलं, मग कुरकुर सुरू झाली, आणि नुकतीच एक दिवस भांडणं होऊन त्यांनी साफ सांगितलं, की आमच्या नळावर पुन्हा यायचं नाही. आता हंडे थेट मोठ्या रस्त्यावरच्या सार्वजनिक नळावरून वाहून आणावे लागायचे. विमलबाईंच्या सासूबाईंचं माकडहाड मोडलेलं, त्या अंथरुणावर. त्यांचं सगळं जागेवर. “धुनं, पुसनं, आंघोळ,” विमलबाई बोटांवर मोजत म्हणाल्या. “म्हातारी आता पानीच पीत नही. म्हनस, मी पानी पिसू ते तुलेच तरास.”

हे सांगताना त्यांचा आवाज बदलला नाही. माझाच बदलला असावा, कारण मी पुढचा प्रश्न विचारायच्या आधी पाणी प्यायले आणि मग ते पिण्याचीही लाज वाटली.

मी ती दोन उत्तरं वाचली. पहिला अर्ज गल्लीतल्याच कुणीतरी लिहिला होता : ‘आमच्या गल्लीत पाणी का येत नाही?’ उत्तर एका ओळीचं, की अशी माहिती नोंदींमध्ये उपलब्ध नाही. दुसरा अर्ज बाहेरच्या टायपिस्टकडून घेतलेला : ‘आमच्या भागात पाणी केव्हा सोडले जाते?’ त्यावर पाणी सोडायच्या वेळांचा तक्ता. तक्त्याप्रमाणे गल्लीला रोज सकाळ-संध्याकाळ पाणी होतं.

दोन्ही उत्तरं कायद्यानं चोख होती. आमच्या धंद्यातली ही गोष्ट लोकांना समजावताना माझ्या तोंडाला फेस यायचा. माहितीचा कायदा नोंदी देतो, खुलासे देत नाही. ‘रस्ता का खणला?’ असं विचारलंत तर हात हलवत परत जाल. ‘रस्ता खणण्याच्या परवानगीची नक्कल द्या’ म्हणालात तर ती मिळेल, आणि ‘का’ तिच्यातच लिहिलेलं असेल. ‘का’ काढून टाका आणि वस्तू मागा. कागद मागा, नकाशा मागा, मोजमाप मागा.

विमलबाईंना मी हेच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “मंग आम्ही काय मागानं?”

“तुमच्या गल्लीच्या पाइपलाइनचा नकाशा मागू.”

“माले गुजराती लिहिता येत नही.”

“नाही आलं तरी चालेल. ज्याला लिहिता येत नाही, त्याचं बोलणं आम्ही लिहून घ्यायचं, असं कायदाच म्हणतो.” हे खरं आहे, आणि फार थोड्या लोकांना माहीत आहे. त्या बोलत गेल्या आणि मी गुजरातीत लिहीत गेले. वाचून दाखवलं. त्यांनी सही केली, मराठीत, मोठ्या अक्षरांत, ‘पाटील’मधल्या ‘टी’ची वेलांटी कागदाच्या वरच्या कडेपर्यंत नेऊन.

आमच्या झोनमध्ये पाणीखात्याचे माहिती अधिकारी होते डेप्युटी इंजिनियर गामितसाहेब. तरणा माणूस, अबोल. कामाला पक्का, पण कामाच्या ओझ्यानं नेहमी वैतागलेला. दिवसभर त्यांच्या टेबलावर फुटलेल्या पाइपांचे फोन वाजत असायचे. त्यांनी मुदतीच्या आतच नकाशा दिला. नकाशावर विमलबाईंची गल्ली होती, गल्लीतून जाणारी लाइन होती, मोठ्या लाइनला ती जिथं मिळते तिथं वाल्व्हची खूण होती. सगळं जागच्या जागी.

नकाशा बघून विमलबाई पहिल्यांदाच खचलेल्या दिसल्या. अर्जाला पाठिंबा म्हणून गल्लीतल्या लोकांच्या सह्या घेत त्या घरोघर फिरल्या होत्या. पुरुषमंडळी म्हणायची, ‘कागदानं कुठं पाणी येतं का? टँकर बोलवा.’ आता त्यांना दाखवायला हातात काय, तर सगळं ठीक आहे असं सांगणारा आणखी एक कागद.

“नकाशात पानी शे, ताई,” त्या म्हणाल्या. “नळलेच नही.”

मला त्या रात्री नीट झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी कायद्याचं पुस्तक काढून माहितीच्या अधिकारात काय काय येतं ते पुन्हा वाचलं. नकला घेणं येतं, नमुने घेणं येतं, हे तर रोजचंच. पण सगळ्यात आधी लिहिलेलं असतं ते असं : काम, कागदपत्रं आणि नोंदी यांची पाहणी करणं. ‘काम.’ पहिलाच शब्द. इतकी वर्षं मी तो वाचत होते, पण लोकांना फक्त कागदच दाखवत होते, कारण कुणी दुसरं काही मागितलंच नव्हतं. म्हणजे नागरिक म्हणू शकतो, की तुमचा नकाशा ठेवा बाजूला, मला ती लाइन जागेवर दाखवा.

मी विमलबाईंना फोन करून बोलावलं. तिसरा अर्ज लिहिला : ‘सदर गल्लीतील पाण्याच्या लाइनचे व वाल्व्हचे काम, पाणी सोडण्याच्या वेळेस, जागेवर पाहण्याची परवानगी मिळावी.’

तो वाचून गामितसाहेब स्वतः जिना उतरून माझ्या टेबलाशी आले. साहेब गुजरातीत बोलायचे, इथं मराठीत देते.

“बेन, ह्या लोकांना असले अर्ज शिकवतं कोण?”

“मी, साहेब.”

“तुम्ही?”

“अर्जदाराला मदत करायची, असं कायद्यात आहे. आणि माहिती अधिकारी तुम्ही आहात. म्हणजे खरं तर तुमच्या वतीनंच शिकवते.”

मला वाटलं, आता आवाज चढणार. पण ते म्हणाले, “नकाशात लाइन बरोबर आहे. मी स्वतः तपासलीय. जमिनीखाली ती बाई काय पाहणार?”

“ते तिथं गेल्यावर कळेल,” मी म्हटलं.

“मग तुम्हीही चला. तिची भाषा मला कळत नाही.”

आम्ही गेलो तेव्हा अख्खी गल्ली दारात उभी होती. गामितसाहेबांनी बरोबर पाइपांची कामं करणाऱ्या लाइनमनला घेतलं होतं. त्यांनी नकाशा एका स्कूटरच्या सीटवर पसरला, टेप सोडली आणि कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबापासून मोजत निघाले. त्यांचं काम मी पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होते. गुडघ्यावर बसून, पुन्हा उठून, नकाशाकडे बघून, टेप सरळ आहे ना याची खात्री करत ते पुढं सरकत होते आणि त्यांच्या मागून विमलबाई, त्यांच्या मागून सगळ्या बायका. टेप गल्लीच्या तोंडाशी असलेल्या ओट्यापाशी येऊन थांबली.

सिमेंटचा चांगला ऐसपैस ओटा होता तो. वर गुळगुळीत फरशी. सोसायटीनं वर्गणी काढून बांधलेला. गणपती त्यावरच बसायचा, आणि इतर दिवशी गल्लीतली माणसं संध्याकाळी तिथंच टेकायची.

“वाल्व्ह इथं पाहिजे,” साहेब म्हणाले आणि त्यांनी ओट्याकडे बोट दाखवलं. “ह्याच्या खाली.”

मग एक म्हातारी खुदकन हसली. “बया!” ती म्हणाली. “आम्ही तर इथंच बसून पालिकेला शिव्या देतो!”

सगळी गल्ली हसत सुटली. गामितसाहेबांना अर्थ सांगताना मलाच हसू आवरेना. त्यांनीही मान खाली घालून हसू दाबलं.

हसले नाहीत ते एकटे सोसायटीचे प्रमुख. ओटा त्यांनी पुढं होऊन बांधून घेतला होता. ते ओट्यासमोर येऊन उभे राहिले. “ह्याला हात लावायचा नाही,” ते म्हणाले. “इथं देव बसतो. आणि खाली काही निघालं नाही तर? साहेब बांधून देणार?”

गामितसाहेब म्हणाले, सोसायटीची हरकत असेल तर ते जबरदस्ती करणार नाहीत, रीतसर नोटीस काढावी लागेल, वेळ लागेल. पुरुषांत कुजबूज सुरू झाली. मला दिसत होतं, की आता हे प्रकरण पुन्हा कागदावर चढणार आणि तिथंच राहणार.

विमलबाई पुढं झाल्या. “भाऊ,” त्या प्रमुखांना म्हणाल्या, “गनपतीले बी पानी लागसच ना? नैवेद्य कसामा करतस? विसर्जननी आधी पाय कसावरी धोतस?” मग जरा थांबून, अगदी हळू, “मनी सासू दहा घरं पलीकडे पडेल शे. ती आठे यीसन तुम्हले सांगू शकत नही. म्हनीसन मी सांगस.”

प्रमुख काही बोलणार, इतक्यात त्यांच्याच घराचं दार उघडलं आणि त्यांची बायको बाहेर आली. तिच्या हातात घण होता. तिनं नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. घण विमलबाईंच्या पायाशी ठेवला आणि म्हणाली, “हंडा तर मीच वाहते ना. फोडा.”

पहिला घाव विमलबाईंनी घातला. फरशीला नुसती चीर पडली. मग लाइनमननं घण घेतला, मग एकेक पुरुष पुढं आला, आणि थोड्या वेळानं खुद्द प्रमुख शर्टाच्या बाह्या सारून मलबा उचलायला लागले. ओट्याखाली भराव, भरावाखाली गिलावा, आणि त्याखाली लोखंडी झाकण. झाकण निघालं तेव्हा सगळे त्या खड्ड्यावर इतके वाकले, की साहेबांना खाली उतरायला जागा मागावी लागली.

वाल्व्ह जवळजवळ पूर्ण बंद होता आणि गंजून घट्ट बसला होता. तो कधी काळी कुणी फिरवला आणि उघडायचा राहून त्यावर भराव कसा पडला, कुणालाच सांगता येईना. लाइनमन आणि साहेब दोघांनी मिळून पान्याला जोर लावला. आधी काहीच हललं नाही. तेल सोडलं, ठोकलं, पुन्हा जोर लावला. शेवटी करकरत चाक फिरलं. तोवर मात्र सकाळच्या पाण्याची वेळ संपून गेली होती.

“संध्याकाळी कळेल,” साहेब म्हणाले. मला वाटलं, आता ते जातील. पण ते तिथंच थांबले. दुपारी विमलबाईंनी आम्हा तिघांना जेवायला घातलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि झणझणीत शेवभाजी. साहेबांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. विमलबाईंनी तांब्या पुढं केला तर ते घेईनात. ते पाणी कुठून आलंय हे त्यांना आता माहीत होतं.

संध्याकाळी गल्लीतल्या प्रत्येक घरातला नळ उघडा ठेवला होता. वेळ झाली. काहीच नाही. मग तोंडाशी असलेल्या घरातून फुसफुस ऐकू आली, नळातून वारा निघत होता. तो आवाज घराघरांतून सरकत आत आला. विमलबाईंचा नळ दोनदा खोकला, तांबडं गढूळ पाणी ओकला, आणि एकदम धोधो वाहायला लागला. बादलीच्या तळावर पाणी आपटल्याचा असा दणका झाला, की बायका किंचाळल्या. कुणी हंडे आणले, कुणी नुसतेच हात धरले. विमलबाई पदर तोंडावर धरून भिंतीला टेकून उभ्या होत्या.

आणि आतल्या खोलीतून सासूबाईंचा खणखणीत आवाज आला, “कोन शे व तठे? नळ बंद करा! पानी वाया जाई राहिनं!”

विमलबाई रडता रडता हसल्या. “जाऊ द्या, मामी!” त्या आतल्या सासूबाईंना ओरडून म्हणाल्या. “आज जाऊ द्या!”

मी गामितसाहेबांकडे बघितलं. ते दारात उभे होते, चिखलानं माखलेले. साहेबांना घोषणा करायची सवय नव्हती. त्यांनी नळाखाली हात धरले, धुतले आणि ओंजळभर पाणी तोंडावर मारलं. परतीच्या वाटेवर जीपमध्ये ते नकाशाची घडी घालत होते. मग म्हणाले, “बेन, माझ्या नकाशात ती गल्ली दोन वर्षं पाणी पीत होती.”

 

विमलबाईंच्या अर्जाचं प्रकरण रीतसर बंद झालं. ऑफिसात दोनचार दिवस माझं कौतुक झालं, टॅक्सखात्यातल्या मैत्रिणी पेढे मागायला आल्या. खंत म्हणाल तर एवढीच, की लोक त्या जिन्याखाली सगळीकडून हरल्यावर यायचे. कितीतरी आलेच नसतील.

पुढच्या आठवड्यात मला एका दुसऱ्या अर्जावर गामितसाहेबांची सही हवी होती. वर गेले तर खुर्ची रिकामी. भिंतीवर टांगलेला गोडादऱ्याचा मोठा नकाशाही जागेवर नव्हता. शिपायाला विचारलं. तो म्हणाला, “साहेब लाइनमनला घेऊन भल्या सकाळीच गेले, नकाशा, टेप आणि पहार घेऊन. म्हणाले, एकेक गल्ली धरून सगळे वाल्व्ह जागेवर बघायचेत.”

“कुणाच्या अर्जावरून?” मी विचारलं. असला अर्ज माझ्या टेबलावरून गेल्याचं मला आठवत नव्हतं.

शिपायानं माझ्याकडे नवलानं बघितलं. “अर्ज कसला, बेन?” तो म्हणाला. “कुणीच केलेला नाही.”